कर्नाळ्याचा सुळका आणि शिरढोणचा फडके वाडा

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील, मुंबई-गोवा महामार्गालगतची दोन स्थळे. डोंगरमाथ्यावर सुळका, खाली गावात वाडा. एकाच घराण्याच्या इतिहासाने ती जोडलेली आहेत, म्हणून एकाच फेरीत पाहावीत.

कर्नाळा किल्ल्याच्या माथ्यावरचा हा सुळका काळ्या बेसाल्टचा, सुमारे 125 फूट उंच, अंगठ्यासारखा असून महामार्गावरूनही ओळखू येतो. पायथ्याशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आणि कोठारे आहेत. कपारींत आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तिथे धूर किंवा गोंगाट करणे जिवावर बेतू शकते. सुळक्यावर चढणे दोर आणि प्रस्तरारोहणाचा सराव असलेल्यांचेच काम. इतरांनी किल्ल्यापर्यंत जावे. वाट पक्षी अभयारण्यातून, कर्णाई देवीच्या देवळावरून चढते. 1968 साली घोषित झालेल्या या अभयारण्यात स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तूर असे पक्षी दिसतात. पावसाळ्यात ही वाट निसरडी होते.

शिवाजी महाराजांनी 1657 च्या सुमारास घेतलेला हा किल्ला 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये परत आला. 1818 मध्ये तो इंग्रजांनी घेतला, तेव्हा शिरढोणच्या फडके घराण्यातील अनंतराव किल्लेदार होते. वासुदेव बळवंत फडके हे त्यांचे नातू. वासुदेवांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी शिरढोणला झाला.

पुण्यात लष्करी हिशेब खात्यात नोकरी करताना वासुदेवांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे तालीम घेतली आणि 1879 मध्ये रामोशी, कोळी, धनगर साथीदारांना घेऊन इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड उभारले. जुलैमध्ये ते पकडले गेले. जन्मठेपेवर एडनला असताना 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे बालपण शिरढोणच्या या फडके वाड्याच्या परिसरात, कर्नाळ्याच्या छायेत गेले. किल्ल्यावर येणारे बहुतेक लोक शिरढोणला न थांबताच परततात, ही खेदाची गोष्ट आहे.

लोकलने ठाणे, तेथून ट्रान्स-हार्बर मार्गाने पनवेल आणि पुढे पेणकडची एसटी, असा सोयीचा मार्ग आहे. शिरढोण कर्नाळ्याच्या अलीकडे लागते. ऊन चढण्याआधी किल्ला चढावा आणि उतरल्यावर वाडा निवांत पाहावा.