मेणबत्ती घडविणारे हात

पुनरुत्थानाच्या जागरणविधीत पास्काची मेणबत्ती काळोख्या मंदिरात प्रवेश करते आणि तिच्यावरून एकेक ज्योत पेटत साऱ्या मंदिरभर उजेड पसरतो. त्या वेळी गाइल्या जाणाऱ्या घोषणागीतात मधमाश्यांच्या श्रमाचाही कृतज्ञ उल्लेख येतो. मेण कोणी साठविले याची आठवण ख्रिस्तसभेने शतकानुशतके राखली आहे. मेणबत्ती कोणाच्या हातांनी घडविली, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. सातारा जिल्ह्यात या प्रश्नाचे एक उत्तर महाबळेश्वरच्या बाजारपेठेत, होली क्रॉस चर्चच्या कोपऱ्यावर उभ्या राहिलेल्या एका हातगाडीपाशी सापडते. पण त्या गाडीपर्यंत पोहोचायला शंभर वर्षांची वाट चालावी लागली.

अपंग बांधवांविषयीच्या आस्थेच्या तीन पायऱ्या इतिहासात दिसतात. पहिली उपचाराची. सांगलीशेजारच्या मिरजेत विल्यम वॉन्लेस या प्रेस्बिटेरियन मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभारले आणि पुढे कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेचीही तेथे सोय झाली. दुसरी पायरी शिक्षणाची. मुंबईचे व्हिकर अपोस्टोलिक, येशूसंघीय महागुरू लिओ म्युरिन यांनी १८८५ च्या सुमारास मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली. भारतातील या प्रकारच्या अगदी आरंभीच्या शाळांत ती गणली जाते. १९०० मध्ये ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. पुढे ती दादरची अंधशाळा म्हणून नावारूपाला आली.

तिसरी पायरी कामाची, आणि तीच सर्वांत अवघड. आजाऱ्याला औषध देता येते, मुलाला अक्षर शिकविता येते. पण शिकून मोठा झालेला अंध तरुण जाणार कोठे? या प्रश्नाला ज्यांनी हात घातला त्यांपैकी एकीचे नाव सातारा जिल्ह्याशी जोडलेले आहे. क्वेकर पंथाच्या, जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी निंबकरांच्या घरात विवाह करून आल्या आणि कमलाबाई निंबकर झाल्या. १९५० मध्ये त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. दुर्बळ झालेला हात नुसता चोळून सुधारत नाही, त्याला उपयोगाचे काम दिले म्हणजे तो शिकतो, हे या शास्त्राचे सूत्र. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांचे नाव आजही सांगते. १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला आणि अंधांना हातचे काम शिकविण्याच्या प्रयत्नांना बळ मिळाले.

याच संघाच्या मुंबईतील वर्गात भावेश भाटिया हा तरुण मेणबत्त्या बनविण्यास शिकला. त्याची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि ऐन तारुण्यात पार गेली. हॉटेलातील टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सुटली. त्यातच आई कर्करोगाने आजारी पडली. गाठीचा पैसा उपचारांत संपला, आणि आईही गेली. रात्रभर मेणबत्त्या कराव्यात व दिवसा त्या विकाव्यात, असा क्रम मग महाबळेश्वरला सुरू झाला. गाडी मित्राची, दिवसाचे भाडे पन्नास रुपये. दुसऱ्या दिवशीच्या मेणासाठी रोज पंचवीस रुपये बाजूला काढून ठेवायचे. नीता नावाची एक डोळस तरुणी पर्यटक म्हणून तेथे आली, त्या गाडीपाशी थांबली आणि पुढे त्याची सहधर्मचारिणी झाली. अंधांसाठीच्या योजनेतून बँकेने पंधरा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९९० च्या दशकाच्या मध्यात या भांडवलावर 'सनराइज कँडल्स' हा घरगुती उद्योग उभा राहिला.

या दांपत्याने धंदा वाढताच मेणाबरोबर माणसेही जोडली. २०१४ च्या सुमारास दोनशेच्या आसपास अंध कामगार तेथे काम करीत होते. पातळ मेण साच्यात ओतावे, वात बरोबर मध्यावर ताणून धरावी, मेण किती निवले हे बोटांनी ओळखावे आणि तडा न जाता मेणबत्ती सोडवून घ्यावी, या कामात स्पर्श हाच मोठा जाणकार. स्वतः उजेड न पाहणारे हात इतरांच्या घरी उजेड पाठवितात, असे म्हणून आपण सहज गहिवरतो. पण त्या कामगाराला आपल्या गहिवराहून महिन्याच्या पगाराचे मोल अधिक आहे. पगार घेऊन घरी जाणारा माणूस घराचा आधार असतो, ओझे नव्हे.

असाच एक कुटुंबाचा उद्योग इटलीत पाहावयास मिळतो. निको आकाम्पोरा हे एका स्वमग्न मुलाचे वडील. मुलगा मोठा झाल्यावर त्याला काम कोण देईल, या चिंतेतून त्यांनी 'पिझ्झाऊट' हे उपाहारगृह उभारले. मिलानजवळच्या कासिना दे पेक्की या गावी ते १ मे २०२१ रोजी, म्हणजे कामगारदिनीच, सुरू झाले. दुसरे २ एप्रिल २०२३ रोजी मोंझा येथे उघडले. तेथे पिझ्झा भाजणारे आणि ताट वाढणारे स्वमग्न तरुण आहेत. मेजवानी कराल तेव्हा गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलवा, असे प्रभू येशूने लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. या घरात ते पाहुणे म्हणून आले आणि यजमान झाले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. अपंग व्यक्ती ही पूर्ण अर्थाने मानवी हक्कांची धनी आहे, तिच्या शक्तीनुरूप तिला काम मिळाले पाहिजे, आणि केवळ धडधाकटांनाच सामावून घेणारा समाज माणुसकीला शोभत नाही, असा त्यातील आशय आहे. आपल्या देशात १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा अपंगांसाठी राखल्या. २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या आणि मान्य अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. पण ही टक्केवारी आपल्या दुकानापर्यंत, आपल्या खानावळीपर्यंत येत नाही. तेथे सद्‌सद्‌विवेकालाच कायदा व्हावे लागते.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला प्रभूने आधी विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? त्याला काय हवे हे लोकांनी गृहीत धरले होते. प्रभूने धरले नाही. आपल्या धर्मग्रामातही एखाद्या घरी असा मुलगा वा मुलगी असेल. सणाला आपण तिला भेटवस्तू देतो, तिच्यासाठी प्रार्थना करतो. तुला कोणते काम करावेसे वाटते, हे तिला कोणी विचारले आहे काय? सणाच्या जेवणाची व्यवस्था, वेदीची फुले, चर्चच्या कार्यालयातील दूरध्वनी, मेणबत्त्यांची खरेदी ही सारी कामे आपल्याच हाती आहेत. महाबळेश्वरच्या त्या कोपऱ्यावरून जाताना पुष्कळांनी मेणबत्त्या पाहिल्या असतील. थांबून त्या घडविणाऱ्याशी चार शब्द बोलली ती एक मुलगी, आणि तेथून शेकडो घरांची चूल पेटली. पुढल्या पास्काला हातात मेणबत्ती घेताना इतकी आठवण आपण ठेवावी.