दिनविशेष : १० जानेवारी

कनेरगाव नाका : १० जानेवारी २०२० रोजी आपल्याच मराठवाड्यात, उस्मानाबादला (आताचे धाराशिव), ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. अध्यक्षस्थानी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हा मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत.

भाषेच्या व्यासपीठावर धर्मगुरू कशाला, हा तेव्हाचा आक्षेप. त्या व्यासपीठावरून धर्मप्रसार झाला असता, तर त्या आक्षेपात तथ्य असते. दिब्रिटो बोलले ते असहिष्णुतेविरुद्ध. ज्या श्रद्धेने त्यांच्याकडून ‘सुबोध बायबल’ मराठीत आणवले, तीच त्यांना ‘हरित वसई’च्या पर्यावरणरक्षणाच्या लढ्यात गुंडगिरीसमोर निर्भयपणे उभे करून गेली. मग लेखकापासून धर्मगुरू वेगळा काढायचा कसा? श्रद्धा घरातच ठेवावी, असे संविधान सांगत नाही. २५वे कलम ती उघडपणे आचरण्याचे स्वातंत्र्य देते आणि सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादाही घालते. दिब्रिटोंनी ते स्वातंत्र्य वापरले आणि इतर कोणाच्याही श्रद्धेला धक्का लावला नाही. गावातल्या वाचनालयाच्या कार्यक्रमाला पाहुणा ठरवताना आधी आडनाव पाहिले जात असेल, तर उस्मानाबादची ती निवड तिथे जरूर सांगावी.