लिलावातला गांजा, पंचनाम्यातला गांजा

गांजा विकायचा मक्ता सरकार मुंबई इलाख्यात लिलावाने देत असे, हे आमच्या प्रभादेवीच्या इमारतीत कुणाला सांगितलं तर पटत नाही. खालच्या मजल्यावरचा वकिलीला बसलेला मुलगा तर म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही दारूबंदी खात्यातल्या, आणि तुम्हीच असं बोलताय?’’ खात्यातली होते म्हणूनच बोलते. राज्य उत्पादन शुल्क खात्यात लिपिक म्हणून लागले आणि फोर्टातल्या जुन्या जकात घरातून निवृत्त झाले. परमिट रूम, देशी दारू, ताडी यांचे परवाने, नूतनीकरणाचे अर्ज, चलनं, टिपण्या यांत जन्म गेला. भांग-गांजा माझ्या टेबलावर फारसा यायचा नाही. यायचा तो कायद्याच्या व्याख्येत. आणि कुठलीही व्याख्या उलगडायला घेतली की बोट मागे मागे सरकत एकाच सालावर थांबायचं: १८७८.

त्या साली मुंबई अबकारी कायदा झाला. दारू, ताडी आणि गांजा-भांग एकाच कायद्याखाली आली. आमच्या भागात त्याची झळ बसली ती ताडीवाल्यांना. प्रभादेवी, दादर, माहीम इथे तेव्हा गिरण्यांपेक्षा माड-ताड जास्त. झाड छेदायचं तर परवाना आणि दर झाडामागे कर. भंडाऱ्यांच्या पिढीजात धंद्यात सरकारचा कारकून वही घेऊन उभा राहिला.

गांजाची गोष्ट निराळी. तो इथे पिकत नव्हता. इलाख्यातलं पीक मुख्यतः नगर जिल्ह्यातलं. शेतकरी नराची झाडं वेळेत ओळखून उपटून टाकायचा, म्हणजे मादीच्या तुऱ्यात बी धरत नाही आणि राळ भरते. तुरे कापून, वाळवून, पायांनी तुडवून चपटे करायचे. मध्य प्रांतात खांडव्याकडे आणि बंगालात नवगाव भागात हीच शेती चाले, पण तिथे माल सरकारी देखरेखीखाली गोदामात जाई. आपल्याकडे कारभार सैल होता. विक्रीचा हक्क लिलावात काढायचा, जास्त बोलीवाल्याला द्यायचा आणि पैसे मोजून घ्यायचे. मक्तेदाराने शेर विकला काय नि मण विकला काय, सरकारची रक्कम तेवढीच. कारकुनाच्या नजरेने बघितलं तर यातली गोम लगेच कळते: किती माल खपला हे सरकारला नेमकं कळायचं कारण नाही, आणि जास्त खपवण्यातच मक्तेदाराचा फायदा.

१८९३ च्या मार्चमध्ये विल्यम केन या दारूबंदीवादी खासदाराने ब्रिटिश संसदेत बंगालमधल्या गांजाचा प्रश्न काढला. लोक वेडे होतात, इस्पितळं भरतात, चौकशी करा. हिंदुस्थान सरकारने चौकशी बंगालपुरती न ठेवता सगळ्या देशाची केली आणि त्यासाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सभासदांत तिघे हिंदी आणि मुंबई इलाख्यातले एक कलेक्टर, ऑमनी. एकूण ११९३ साक्षी झाल्या: डॉक्टर, वैद्य, मामलेदार, मक्तेदार, पाद्री, जमीनदार. अहवालाचे सात खंड निघाले; मुंबईच्या साक्षी सातव्या खंडात आहेत.

मुंबईकडून गेलेल्या कागदांत एक टिपण जेम्स कॅम्बेल यांचं आहे. मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर ज्यांनी सिद्ध केलं आणि पुढे प्लेगच्या दिवसांत ज्यांनी प्लेग समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, तेच हे कॅम्बेल. तेव्हा ते मुंबईत जमीन महसूल, जकात आणि अफूचे कलेक्टर होते. म्हणजे माझ्याच जातीचा माणूस, फक्त खूप वरच्या खुर्चीवरचा. या वसुली अधिकाऱ्याने लिहिलं काय, तर लोक भांगेला देवाची वस्तू का मानतात त्यावर. शंकराच्या पूजेतलं तिचं स्थान, फकिरांची तिच्यावरची श्रद्धा, तिच्याभोवतीचे शकुन-अपशकुन, सगळं नोंदवलं. ज्या मालावर कर घ्यायचा, तो माल माणसाच्या घरात कुठल्या फडताळात ठेवलेला असतो, हे त्याने आधी बघितलं. आमच्या खात्यात असं टिपण कुणी वर पाठवलं असतं, तर ‘विषयाशी संबंध नाही’ असा शेरा घेऊन परत आलं असतं.

पण मला त्या अहवालात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेड्यांच्या इस्पितळांचं प्रकरण. केन यांच्या आरोपाचा सगळा भार तिथल्या आकड्यांवर होता. आयोगाने १८९२ सालचे सगळे दाखले एकेक करून तपासले. एकूण १३४४ माणसं दाखल झाली होती. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा-भांग-चरस लिहिलेलं होतं. चौकशी केल्यावर त्यांतली ९८ उरली, आणि त्यांतही काहींच्या बाबतीत दुसरी कारणं मिसळलेली होती. मग बाकीच्यांचं काय? तर रुग्णाबरोबर पोलिसांकडून एक छापील कागद येई. त्यावर ‘कारण’ असा रकाना असे. रस्त्यावर सापडलेल्या माणसाचं कारण हवालदाराला कुठून ठाऊक असणार? पण रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा दफ्तराचा धर्म. लिहा गांजा. इस्पितळाने ते तसंच आपल्या वहीत उतरवायचं, वार्षिक अहवालात त्याची बेरीज व्हायची, आणि ती बेरीज लंडनला जाऊन पुरावा म्हणून उभी राहायची. हे वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. रिकामा रकाना भरायची ती घाई मी आयुष्यभर जवळून बघितलेली आहे.

आयोगाचा निष्कर्ष असा की बेताने घेणाऱ्यावर फारसा दुष्परिणाम दिसत नाही, अति करणाऱ्यावर होतो, आणि बहुतेक लोक बेतानेच घेतात. म्हणून बंदी नको, नियमन हवं. शेती फक्त परवान्याने आणि ठरलेल्या भागात. वजनावर शुल्क आणि वर विक्रीहक्काचा लिलाव. दुकानांची संख्या मर्यादित. एका माणसाजवळ किती माल असावा यालाही मर्यादा.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे २०१६ मध्ये मतदान होऊन गांजा कायदेशीर झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून दुकानं उघडली. भाच्याने कौतुकाने नियम सांगितले: वय २१, जवळ २८.५ ग्रॅमपर्यंत, घरी सहा झाडं, दुकानाला परवाना, मालावर कर. मी म्हटलं, वयाचं कलम सोडलं तर यातलं बरंचसं आमच्याकडे त्या आयोगाच्या अहवालात १८९४ मध्ये लिहून झालंय. एक फरक मात्र आहे. तिथे राज्याने मोकळीक दिली तरी देशाच्या कायद्यात तो अजून गुन्हा आहे. आपल्याकडे तेव्हा राज्य आणि देश दोघांचं एकमत होतं, कारण दोघांचाही महसूल त्यात होता.

पुढे वारं फिरलं ते दोन बाजूंनी. बाहेरून, १९२५ च्या जिनिव्हा कराराने गांजा आंतरराष्ट्रीय यादीत आला. आतून, काँग्रेसच्या दारूबंदीने जोर धरला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा खेर मंत्रिमंडळाच्या काळातला, मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा. त्यात दारूबरोबर भांग-गांजाही बसवले, आणि आजच्या महाराष्ट्राच्या कायद्यात ते तसेच आहेत. १९६१ च्या जागतिक कराराने तुरे बंदीत घातले, पण नुसती पानं आणि बिया वगळल्या. त्यासाठी भारतासारख्या देशांचा आग्रह होता. १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला केंद्रीय अमली पदार्थ कायदा लागू झाला, त्यातही हीच रेघ ओढलेली आहे: तुरा म्हणजे गांजा, तुऱ्याशिवायचं पान म्हणजे नव्हे. म्हणून उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं चालतात. आपल्याकडे मात्र केंद्राने सोडलेलं पान राज्याच्या कायद्याने धरून ठेवलंय. वैद्यांच्या औषधात ते विजया म्हणून येतं, त्याला औषधांच्या कायद्याची वेगळी वाट आहे.

लोकांनी ही रेघ आपल्या परीने ओळखलेली असते. आमच्या लहानपणी, स्टँडर्ड मिलचा भोंगा चालू होता तेव्हा, धुळवडीला तबेल्यातले भय्ये पाट्यावर भांग वाटायचे. पानं आदल्या रात्री भिजत घालायची, सकाळी चोळून चोळून धुवायची, हिरवं पाणी ओतून द्यायचं. मग काळी मिरी, बडीशेप, खसखस, मगज घालून इतकं वाटायचं की बोटाला कण लागता कामा नये. फडक्यातून दुधात गाळायचं. चाळीतले बाप्ये एकेक पेला घेऊन दुपारभर विनाकारण हसायचे. त्याच चाळीत कुणी चिलीम ओढतो असं कळलं, तर त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक कचरत. एकाच झाडाबद्दल दोन न्याय, आणि त्यात कुणाला विसंगती दिसत नसे.

आता कागदाकडे येऊ. आजच्या केंद्रीय कायद्यात गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत, व्यापारी मात्रा २० किलोच्या वर. पहिल्यात जास्तीत जास्त एक वर्ष, दुसरीत किमान दहा. मधलं सगळं वजनावर. आणि पंचनाम्यात वाक्य असतं: हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पानं, फुलं, बोंडं, काड्या असलेला ओलसर गांजा, वजन इतके किलो. आता सांगा, त्या वजनात तुरे किती आणि काड्या किती? पानं तुऱ्यासकट होती की सुटी? ओलावा किती? हे वेगळं केलं नाही म्हणून न्यायालयात वकील भांडतात आणि जामीन होतात किंवा होत नाहीत. १८९२ च्या हवालदाराचा रकाना होता ‘कारण’, आजच्या जमादाराचा आहे ‘वजन’.

गांजा खुला करावा की नाही, यावर इमारतीतली मुलं माझं मत विचारतात. माझं मत एवढंच की कायदा सैल करा नाहीतर आवळा, पण आधी ते सात खंड काढा, आणि तशीच नवी चौकशी बसवा: वैद्यांना विचारा, शेतकऱ्याला विचारा, व्यसनाने ज्यांची घरं बसली त्या बायकांना विचारा. त्या जुन्या साक्षीदारांत बायका जवळपास नव्हत्याच, आणि गांजा ओढणाऱ्याचा खरा हिशोब घरात बाईच ठेवत असते.