परसातली पांढरी पावडर

काल परसात वांग्याचे वाळलेले शेंडे खुडत होतो. नातीनं शेजारच्या वेलाची काकडी तोडली, फ्रॉकला पुसली आणि तशीच खाल्ली. मी लहान असताना असं केलं असतं तर आईनं पाठ मऊ केली असती.

कारण तेव्हा घरोघरी बीएचसी पावडर होती, दहा टक्क्यांची. जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची, काठीला लावायची आणि सकाळी दवात वांगी, वाल, मिरचीवर धुरळायची. नाकाला कोणी काही बांधत नव्हतं. काकडी-भोपळ्यावर पडली की पानं करपायची, म्हणून तेवढे वेल वाचले.

ही पावडर आपल्या देशात आधी टोळधाडीसाठी बाहेरून आली. १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्राला कारखाना निघाला, मग ती खेड्यापर्यंत पोचली. त्याआधी आजी चुलीतली राख टाकायची. राखेनं मावा जरा कमी व्हायचा, शेंडा पोखरणारी अळी काही हटायची नाही. त्यामुळं पावडर आल्यावर बायका खुश झाल्या, यात त्यांचं काय चुकलं?

आमच्याकडं ती ज्वारीच्या कणगीशेजारीच ठेवलेली असायची. मी आठवीत असताना पुडा फुटला. सांडलेले दाणे कोंबड्यांनी टिपले. संध्याकाळपर्यंत पाच कोंबड्या तडफडून गेल्या. त्याच कणगीतली ज्वारी दुसऱ्या दिवशी दळायला जायची होती.

१९५८ साली केरळात हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. बोटीत धान्याच्या मालाबरोबर पॅराथिऑन होतं, ते खाण्यात गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बीएचसी मात्र १ एप्रिल १९९७ ला बंद झाली. तोवर ती मातीत, चाऱ्यातून दुधात उतरलीच होती.

गंमत अशी, की उत्तर दारातच उभं होतं. १९६२ साली दिल्लीच्या पुसा संस्थेत डॉ. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर मारलं. टोळ बसले, पण त्यांनी पिकाला तोंड लावलं नाही. मी आता ५० ग्रॅम निंबोळी गराची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवतो, फडक्यातून गाळतो, चिमूटभर साबण टाकतो आणि त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर फवारतो. मावा, तुडतुडे, लहान अळ्यांवर चालतं. कीड लगेच मरत नाही, खाणं सोडते. दुसऱ्या दिवशी "काका, काय फरक नाही" म्हणून फोन करू नका.

तंबाखूचं पाणी मात्र मी परसात मारत नाही. घरचं असलं तरी निकोटीन ते, जहालच. अळी लागलेले शेंडे आणि किडकी वांगी मी हातानंच काढतो, उकिरड्यावर न टाकता खोल पुरतो. काल सतरा शेंडे निघाले, गेल्या आठवड्यात एकतीस होते.