चाकणला आहे काय? मिसळ, वराह आणि गोठ्यातले दोन दगड

परवा रविवारी आम्ही चौघं मित्र तळेगाव चौकाजवळ मिसळ खायला बसलो होतो. एक कोथरूडचा, एक चिंचवडचा, एक मूळचा ओडिशाचा पण बारा वर्षं इथं एमआयडीसीत नोकरी करणारा, आणि मी गावचा. कोथरूडकर दीड तास ट्राफिकमध्ये अडकून आलेला, त्यामुळं तापलेला. पहिला घास घ्यायच्या आधीच म्हणाला, "आमच्याकडं गुडलक आहे, वैशाली आहे, तासन्‌तास गप्पा मारत बसता येतं. नाटकं आहेत, चित्रांची प्रदर्शनं आहेत. तुमच्या चाकणला आहे काय? कांदा आणि ट्राफिक!"

चिंचवडकरानं लगेच तेल ओतलं. "आमच्याकडं निदान मोरया गोसावी आहेत, चापेकर आहेत. तू सांग तुझं."

सगळे हसले, मीपण हसलो. तर्री वाढून घेतली आणि विषय बदलला. पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. लांब झालंय, वाचा सावकाश.

आधी हॉटेलांचं बोलू. गुडलक सुरू झालं १९३५ साली. मान्य, मोठी परंपरा आहे. पण गप्पा मारायला खुर्ची-टेबलच लागतं असं कुणी सांगितलं? आमचं गुडलक म्हणजे शनिवारचा बाजार. आजोबांबरोबर मी बैल बघायला जायचो. ते दात बघणार, पाठीवर थाप मारणार, मग उपरण्याखाली हात घालून बोटांवर भाव ठरणार. सौदा झाला की भेळ, गोडीशेव आणि कागदात बांधलेली गरम जिलबी. सौदा मोडला तरी जिलबी ठरलेली. जुन्नरचा माणूस, शिरूरचा माणूस, मावळचा माणूस एकाच कढईभोवती उभा राहून खायचा. घरी पाहुणा आला की मासवडी. ही आमची खाद्यसंस्कृती, फक्त तिच्यावर कुणी पाटी लावली नाही.

आता कला. माझ्या कोथरूडकर मित्रा, चक्रेश्वराच्या देवळात कधी गेलायस? आवारात जुनी शिल्पं आहेत, त्यात पशुरूपातला वराह आहे. भग्न आहे, झिजलाय. लोणी भापकरचा यज्ञवराह बघायला लोक गाड्या करून जातात, त्याच कुळातला हा. आमच्या लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून पेरू खायचो. तो काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. दशरथाच्या रथाचं चाक इथं पडलं म्हणून गाव चाकण, अशी आख्यायिका. आता इथं दिवसाला किती चाकं बनून बाहेर पडतात ते बघितलं, तर आख्यायिका खरी करायची गावानं मनावर घेतलंय असंच वाटतं!

आणि आता ट्राफिक. त्याबद्दल तर अजिबात ऐकून घेणार नाही, कारण ट्राफिक हाच चाकणचा इतिहास आहे. पुण्याहून जुन्नर-नाशिककडं जाणारी वाट आणि घाटाकडून तळेगावमार्गे शिक्रापूर-नगरकडं जाणारी वाट इथं एकमेकींना कापतात. बहामनी सरदार मलिक-उत्‌-तुज्जारनं पंधराव्या शतकात इथं ठाणं केलं ते याचसाठी. निजामशाहीनं मालोजीराजांना पुणे-सुपे दिलं तेव्हा शिवनेरीबरोबर चाकणचा किल्लाही सोपवला.

१६६० साली शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला. त्याची रसद यायची नगरकडून. पावसाळा तोंडावर, नद्या भरणार. चाकण हातात आलं तर पल्ला कमी होणार होता. २१ जूनला तो संग्रामदुर्गासमोर येऊन उभा राहिला. भुईकोट किल्ला, म्हणजे ना डोंगर ना कडा. नुसता तट आणि पाण्यानं भरलेला खंदक. आत फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं.

तेव्हा महाराज कुठं होते? पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात. जुलैत ते निसटले, बाजीप्रभू पडले. ती गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. पण त्याच पावसात, त्याच आठवड्यात चाकणची माणसं मदतीची शक्यता नसताना लढत होती, हे कितीजणांना माहीत आहे? मोगलांनी ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणलं. १४ ऑगस्टला सुरुंग उडाला, बुरूज हवेत गेला. तरी त्या दिवशी आतल्या लोकांनी रात्र पडेपर्यंत खिंड अडवून धरली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, फिरंगोजींनी किल्ला सोडला. पंचावन्न दिवस! मोगलांची २६८ माणसं ठार आणि ६०० जखमी. खानानं फिरंगोजींना चाकरीत यायला सांगितलं. ते नाही म्हणाले आणि महाराजांकडं परत गेले.

एका भुईकोटाला पंचावन्न दिवस लागले. मग सह्याद्रीतल्या डोंगरी किल्ल्यांना किती लागतील, हा हिशोब खानानं केलाच असणार.

पुढं तीनशे चाळीस वर्षांनी कारखाने आले तेही त्याच कारणानं. १९९९ ला बजाज, २००९ ला फोक्सवॅगन. जमीन होती, पण मुख्य म्हणजे रस्ते होते. खान रसदीसाठी आला, कंपन्याही रसदीसाठीच आल्या. आता नाक्यावर लिट्टी-चोखा मिळतो, डोसा मिळतो, कुठं कुठं कोरियन पाटी दिसते. मला त्याचं वाईट वाटत नाही. शनिवारच्या कढईभोवती जरा जास्त लांबची माणसं उभी राहिलीत, एवढंच.

वाईट वेगळ्या गोष्टीचं वाटतं. मिसळ खाऊन झाल्यावर मी तिघांना किल्ल्याकडं घेऊन गेलो. ओडिशावाला मित्र तटाकडं बघत उभा राहिला. म्हणाला, "ये किला है? बारह साल से इधर से जाता हूँ, मैं समझा किसी गोडाउन की पुरानी दीवार है. किसी ने बताया ही नहीं."

खरंय. कोण सांगणार? आम्हीच विसरलेलो. आणि नुसतं विसरलेलो नाही. आमच्या जुन्या गोठ्याच्या पायात दोन मोठे घडीव दगड आहेत, चुन्याचे डाग असलेले. आजूबाजूच्या एकाही दगडाशी जुळत नाहीत. आजोबांनी ते कुठून आणले, मी कधी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं म्हणूनच विचारलं नसेल. किल्ला मोगलांनी एका बुरुजापुरता फोडला. बाकीचा आपण गाडी-गाडीनं घरी नेला, आणि दोष मात्र कधी सरकारला दिला, कधी बाहेरून आलेल्यांना.

यंदा गोठा पाडायचाय. ते दोन दगड मी विकणार नाही, भरावातही टाकणार नाही. पुरातत्त्व खात्याला पत्र लिहितोय, की हे आमच्याकडं आहेत, तुमच्या माणसाला बघायला पाठवा, तुमचे असतील तर घेऊन जा.

नगरपरिषदेकडं मागणं फार नाही. खंदकात कचरा पडू नये. वराहावर साधं छप्पर हवं आणि शेजारी चार ओळींचा फलक, मराठीत आणि हिंदीतही, कारण आता गाव दोघांचं आहे. आणि १५ ऑगस्टला शाळांचं झेंडावंदन झालं की पोरांना रांगेनं किल्ल्यावर आणून पाच मिनिटं फिरंगोजींची गोष्ट सांगा. तारीख तीच आहे, वेगळी सुट्टीही लागणार नाही.

कोथरूडकर जाताना गाडीत बसता बसता म्हणाला, "पुढच्या रविवारी पोरांना घेऊन येतो. ट्राफिकचं बघू."

ये बाबा. मिसळ माझ्याकडून. आणि गावातल्या मंडळींनो, तुमच्या गोठ्याच्या, ओट्याच्या पायात काय आहे, तेही एकदा बघून घ्या.