तटाभोवतीची मोकळी जागा

जेरुसलेमच्या तटाभोवती आज जी बाग आणि मोकळी उतरण दिसते, ती आपोआप राहिलेली नाही. डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश फौजा शहरात शिरल्या आणि पुढच्याच वर्षी अलेक्झांड्रियाचा नगर-अभियंता विल्यम मॅकलिन याच्याकडून आराखडा करून घेण्यात आला. त्याने जुन्या शहराभोवती एक पट्टा आखला. तिथे नवं बांधकाम करायचं नाही, आहे तेही जमेल तसं हलवायचं, म्हणजे सुलतान सुलेमानने सोळाव्या शतकात बांधलेला तट लांबून नीट दिसेल. गव्हर्नर रोनल्ड स्टॉर्सने बांधकाम फक्त दगडाचंच हवं असा दंडक घातला. त्याचा सल्लागार चार्ल्स ॲशबी याने तटावरची वाट साफ करून घेतली. याच सपाट्यात याफा वेशीवरचा घड्याळाचा मनोरा १९२२ मध्ये उतरवला गेला. तो सुलतान अब्दुल हमीदच्या राजवटीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त उभारलेला होता. म्हणजे तुर्कांचा सोळाव्या शतकातला तट ठेवायचा आणि तुर्कांचाच विसाव्या शतकातला मनोरा पाडायचा. कुठला काळ ठेवण्याजोगा, हे नव्या राज्यकर्त्यांनी ठरवलं. पुढे जे कोणी आले त्यांनीही तेच केलं. मॅकलिनच्या पट्ट्याचा बराचसा भाग १९७४ मध्ये इस्रायल सरकारने राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला.

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही. माझा जन्म अलिबागच्या इस्रायल आळीतला. आमच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये प्रार्थना पश्चिमेकडे तोंड करून होते, कारण कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला. आजीने समुद्रापलीकडचं ते शहर कधी पाहिलं नाही, पण तिच्या बोलण्यात ते रोज असे. त्यामुळे मुंबई-ठाण्याकडचे नातेवाईक जेरुसलेमला आले की मी त्यांना पहिल्यांदा दावीदपुरात नेतो, आणि त्या जागेत पाय ठेवताना माझं मन अजून भरून येतं.

दावीदपूर म्हणजे तटाच्या दक्षिणेची अरुंद डोंगरसोंड. गीहोनचा झरा तिच्या पायथ्याशी आहे, म्हणून तर इथे वस्ती झाली. या झऱ्याचं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे नेणारा बोगदा ५३३ मीटर लांब आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब चाल करून येणार म्हणून हिज्कीया राजाने पाणी आत वळवलं, असं बायबल सांगतं. आत उतरलं की पाणी आधी मांडीला लागतं, मग गुडघ्याखाली येतं. कुठे ताठ उभं राहता येतं, कुठे मान वाकवावी लागते. वाट नागमोडी आहे. दोन टोकांकडून दोन टोळ्या खोदत आल्या होत्या, आणि त्या जिथे भेटल्या तिथे मी प्रत्येकाला विजेरी भिंतीजवळ धरायला लावतो. तोपर्यंत छिन्नीचे घाव आपण चालतोय त्या दिशेने झुकलेले असतात. त्या जागी ते फिरतात आणि समोरून आपल्याकडे येऊ लागतात. त्या जागेच्या अलीकडे दोन-चार वाकडी वळणं आहेत, एका ठिकाणी थोडं खोदून सोडून दिलेलं आहे. समोरच्यांचा आवाज कुठून येतोय याचा अंदाज घेत ते पुढे सरकले असणार.

असणार असं तरी का म्हणायचं? त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं होतं. १८८० मध्ये एका शाळकरी मुलाला बोगद्याच्या दक्षिण टोकाजवळ सहा ओळींचा प्राचीन हिब्रू लेख दिसला. त्यात राजाचं नाव नाही, देवाचं नाही. दगडातून पलीकडच्या माणसांचे आवाज कसे ऐकू आले आणि पाणी कसं वाहू लागलं, एवढंच आहे. दहा-अकरा वर्षांनी कुणीतरी तो चोरून कापला, त्यात त्याचे तुकडे झाले, आणि तुर्की अमलात तो इस्तंबूलच्या संग्रहालयात गेला. आजही तो तिथेच आहे. हजारो राजलेखांपेक्षा मला हा मजुरांचा लेख मोलाचा वाटतो.

बोगद्यातून बाहेर आलं की सिल्वान. भाच्याने मला इथेच विचारलं, "मामा, ही माणसं कोण? फलकावर तर यांचं काहीच नाही." प्रश्न बरोबर होता. ही पॅलेस्टिनी वस्ती आहे. याच झऱ्याच्या पाण्यावर सिल्वानचे शेतकरी खालच्या खोऱ्यात भाजी पिकवून जेरुसलेमच्या बाजारात विकत. उद्यानात मोडणाऱ्या दावीदपुराचा कारभार मात्र एलाद या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या खासगी संस्थेकडे आहे. ती उत्खननाला पैसा पुरवते, पर्यटकांना फिरवते आणि याच वस्तीतल्या घरांत ज्यू कुटुंबंही वसवते. २०१० मध्ये महापालिकेने खालच्या अल-बुस्तान भागात राजाची बाग करण्यासाठी २२ घरं पाडण्याची योजना मांडली. गेल्या काही वर्षांत तिथे घरं पडतही आहेत. ज्या खोऱ्यात लोकांनीच मळे फुलवले, तिथे बागेसाठी लोकांना उठवणं मला पटत नाही. माझ्या आजीच्या जेरुसलेमसाठी याची काहीही गरज नाही.

याला उत्तर म्हणून १९४८ चं युद्ध दाखवतात, आणि ते खोटं नाही. जुन्या शहराचा ज्यू मोहल्ला पडला, हुर्वा सिनेगॉग सुरुंगाने उडवलं गेलं. १९४९ च्या करारात कबूल करूनही एकोणीस वर्षं ज्यूंना पश्चिम भिंतीपाशी येऊ दिलं नाही. जैतून डोंगरावरच्या आमच्या थडग्यांचे दगड फरसबंदीला वापरले. पण जून १९६७ मध्ये शहर इस्रायलच्या हाती आल्यावर काही दिवसांतच भिंतीसमोरचा मुघराबी मोहल्ला एका रात्रीत बुलडोझरखाली गेला. सलाहुद्दीनचा मुलगा अल-अफ्दल याने ११९३ च्या सुमारास मगरिबी यात्रेकरूंसाठी ही जागा वक्फ केली होती. तिथली सुमारे १३५ घरं पाडली. रहिवाशांना काही तासांचीच मुदत मिळाली. हुर्वा २०१० मध्ये पुन्हा उभं राहिलं. मुघराबी मोहल्ल्यावर आज प्रार्थनेचं फरसबंद पटांगण आहे, मी तिथेच उभा राहून प्रार्थना करतो, आणि आपण कुणाच्या अंगणात उभे आहोत हे मला ठाऊक असतं.

आपण इथले की नाही हे दुसऱ्याने ठरवणं काय असतं, ते आम्हा कोकणातल्या ज्यूंना, बेने इस्रायलांना, कळायला हवं. १९६० नंतर इस्रायलमध्ये आमच्या लग्नांच्या वेळी आमच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. आमची माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये संसदेने आम्ही सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

एका गोष्टीचं श्रेय मात्र मोकळ्या मनाने देतो. १९६८ पासून पुरातत्त्वज्ञ बिन्यामिन माझार यांनी तटाच्या दक्षिण कोपऱ्यात दहा वर्षं खोदलं. पूर्व जेरुसलेममध्ये खोदल्याबद्दल युनेस्कोने इस्रायलचा निषेधही केला. माझार शोधत होते हेरोदाच्या काळातला मंदिर-परिसर, आणि तो सापडलाही: रॉबिन्सनच्या कमानीखालचा फरसबंद रस्ता, त्यावर इ.स. ७० मध्ये रोमनांनी वरून लोटलेल्या प्रचंड शिळा, जिथे पडल्या तिथेच. पण त्याच्या वरच्या थरात आणखी काही निघालं. सातव्या-आठव्या शतकातले उमय्यद खलिफांचे भव्य वाडे, ज्यांची आधी कुणाला कल्पनाच नव्हती. माझार यांच्या चमूने ते मोजले, छापून जगापुढे मांडले आणि भिंती जागेवर राखल्या. आज त्याच उद्यानात तिकीट काढून गेलं की ते पाहता येतात.

तेव्हा जे जमलं ते आताही जमू शकतं. पटांगणाच्या कडेला अल-अफ्दलच्या वक्फचा फलक लावा. गीहोनपाशी सिल्वानच्या मळ्यांची नोंद करा, आणि अल-बुस्तानमधली उरलेली घरं राहू द्या.