तो लाइक मी काढून टाकला

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते. घरात चकल्या संपून शेव उरली होती आणि भाईंदर पूर्वेला आमच्या नवघर रोडवर एकही शटर उघडं नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी बाळासाहेब ठाकरे गेले होते.

बाबा सकाळपासून टीव्हीसमोरून हलले नव्हते. ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. भाईंदरमध्ये असे गाळे तेव्हा गल्लोगल्ली होते. एकदा मालकाने तीन महिने पगार अडवला, तो शाखेतल्या माणसांनी जाऊन सोडवून आणला. त्यामुळे शिवाजी पार्कवरची गर्दी पाहून बाबा रडत होते, त्यात ढोंग नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याशी वाद घालणार आहे.

त्याच सकाळी आईचा दम्याचा पंप संपला. चार मेडिकल फिरलो. पाचव्याने शटर गुडघ्याएवढं वर करून पंप दिला, सुट्टे पैसेही मागितले नाहीत. ‘लवकर जा’ म्हणाला. घरी येऊन फेसबुक उघडलं, तर कॉलेजातल्या एका मित्राने विचारलं होतं: ही दुकानं मानाने बंद आहेत की भीतीने? मी लाइक केलं. कॉमेंट नाही, शेअर नाही. नुसता अंगठा.

त्याच रविवारी, आमच्याच रेल्वेलाइनवर, जवळपास हाच प्रश्न पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने विचारला. अशी माणसं रोज जन्मतात आणि जातात, त्यासाठी शहर बंद कशाला, भगतसिंगांसारख्यांची आठवण किती जण ठेवतात, असा तिचा साधारण सूर होता. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. संध्याकाळी जमावाने त्या मुलीच्या काकांचा हाडांचा दवाखाना फोडला. एका स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली आणि सोमवारी दोघींना अटक झाली. लिहिणारीला आणि लाइक करणारीलाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण इथे तर सुकंही फारसं नव्हतं. प्रत्येकी १५ हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या.

नकाशा डोळ्यासमोर आणा. भाईंदरची खाडी ओलांडली की नायगाव, वसई, नालासोपारा, विरार. तेव्हा लोकल विरारलाच संपायची. डहाणूपर्यंत ती २०१३ मध्ये गेली. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. दूर वाटतं. पण पालघर जिल्हा झाला २०१४ मध्ये. २०१२ ला पालघर आणि मीरा-भाईंदर दोन्ही ठाणे जिल्ह्यात होते आणि दोन्हीकडे ठाणे ग्रामीण पोलीसच होते. म्हणजे त्या मैत्रिणीला ज्या पोलीस दलाने उचललं, त्याच दलाचं ठाणं माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

बातमी पाहून बाबा म्हणाले, “उचलली जीभ, लावली टाळ्याला. बरं झालं.”

मी गप्प बसलो. रात्री सगळे झोपल्यावर मित्राच्या पोस्टवर गेलो आणि तो लाइक काढून टाकला. सकाळी पाहिलं, तर अकरा लाइकचे तीन झाले होते. आठ जणांनी, आपापल्या घरी, एकमेकांना न सांगता हेच केलं होतं. मित्राने पोस्ट काढली नाही. त्याला काही झालंही नाही. त्याने मला या विषयावर कधी विचारलंही नाही, आणि ते मला आजही खुपतं.

पुढची कथा बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांना पत्र लिहिलं. देशभर ओरड झाली. २७ नोव्हेंबरला ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि पालघरचे वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. दंडाधिकाऱ्यांची बदली झाली. या निलंबनाच्या निषेधार्थ २८ तारखेला पालघर पुन्हा बंद! बंद कशासाठी असतो, असं विचारलं म्हणून अटक, आणि अटक चुकीची ठरली म्हणून बंद. पुढे दोघींवरची केसही मागे पडली.

ज्या कलमाखाली हे झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. २००८ च्या डिसेंबरात, २६/११ च्या हल्ल्याला महिना होत असताना, संसदेत फारशी चर्चा न होता ही दुरुस्ती मंजूर झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. कुणाला चीड आली, गैरसोय झाली, अपमान वाटला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. या शब्दांचं मूळ सापडतं ब्रिटनच्या १९३५ च्या टपाल खात्याच्या कायद्यात. टेलिफोनवरून कुणी घाणेरडं किंवा धमकीचं बोललं, मुद्दाम खोटे निरोप देऊन छळलं, तर त्यासाठी ती तरतूद होती. फोनवर एक बोलतो, एक ऐकतो, आणि ऐकणाऱ्याला पळता येत नाही. ते माप उचलून आपण चव्हाट्याला लावलं. चव्हाट्यावर गैरसोय कुणाला होत नाही?

अर्थात ६६अ नसतानाही काम चालत होतंच. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांचं आक्षेपार्ह चित्र टाकल्याच्या आरोपावरून बंगळुरूच्या एका इंजिनिअरला पुणे पोलिसांनी पकडलं. मोबाइल कंपनीने आयपी ॲड्रेस चुकीचा दिला होता. त्या माणसाचा काही संबंध नव्हता, तरी तो ५० दिवस आत राहिला. २००८ मध्ये केरळच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्यावर ठाण्यात गुन्हा दाखल झाला, कारण त्याने शिवसेनाविरोधी ऑर्कुट कम्युनिटी काढली होती आणि तिच्यात इतर लोक वाट्टेल ते लिहीत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दिलासा दिला नाही. आजच्या भाषेत तो ग्रुप ॲडमिन. (ॲडमिनला इतरांच्या मेसेजसाठी सरसकट जबाबदार धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगायला २०२१ उजाडलं.)

हे सगळं वाचत गेलो तसा मी मागे मागे जात १८८२ ला पोचलो. आणि तिथे मला आपला पहिला ‘फॉरवर्ड ॲज रिसीव्ह्ड’ सापडला.

केसरीचे संपादक आगरकर, मराठाचे टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे तिथल्या तरुण महाराजांचा छळ करतात, असा आरोप त्यांनी लावून धरला आणि पुरावा म्हणून हाती आलेली पत्रं छापली. पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, पण बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले. आगरकरांनी नंतर त्यावर पुस्तकच लिहिलं.

मला यातली खरी बातमी तुरुंग वाटत नाही. खरी बातमी जामिनाची आहे. खटला सुरू असताना या दोन चित्पावन तरुणांना जामीन हवा होता, तेव्हा धावून आले जोतीराव फुले. आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना सांगून त्यांनी जामिनाची सोय केली. फुले आणि टिळक यांच्यात कशावर एकमत होतं? जातीवर नाही, मुलींच्या शाळांवर नाही, शेतकरी आणि सावकारावर नाही, पेशवाईवर तर नाहीच. टिळकांची माणसं सत्यशोधकांबद्दल काय बोलत असतील, हे फुल्यांना ठाऊक नसेल असं नाही. तरी जामीन उभा राहिला. वाद बाहेर घालू, आधी माणूस बाहेर येऊ दे, असा काहीसा हिशेब असावा. हा माझा अंदाज. फुल्यांच्या मनातलं मला कुठून कळणार!

हा हिशेब पुढे टिकला असंही नाही. तुरुंगात एका कोठडीत राहिलेले टिळक आणि आगरकर पाच वर्षांत एकमेकांपासून तुटले. आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला, आणि पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ट्रोलिंग आपण अमेरिकेकडून शिकलो, असं कुणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा.

पालघरच्या अटकेवरून श्रेया सिंघल या कायद्याचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या दिल्लीच्या मुलीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६अ रद्द केलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा प्रचार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं; पहिल्या दोन गोष्टी कितीही टोचल्या तरी गुन्हा नाहीत, हे त्या निकालाचं सार. आम्ही मित्रांनी त्या दिवशी भाईंदर स्टेशनबाहेर वडापाव खाऊन आनंद साजरा केला. ज्याची पोस्ट मी अनलाइक केली होती, तोही होता. वडापावचे पैसे त्याने दिले.

आणि सात आठवड्यांत, १४ मे २०१५ ला, त्याच न्यायालयातून दुसरा निकाल आला, तो मात्र मराठी मंडळींनीही फारसा मनावर घेतला नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली होती. अंक फक्त सभासदांसाठी, म्हणजे क्लोज्ड ग्रुपच. तरी अश्लीलतेचा खटला झाला. माफी मागितलेल्या संपादकाला न्यायालयाने मोकळं केलं, पण एकवीस वर्षांनंतरही कवीने खटल्याला तोंड द्यावं असं सांगितलं. एकाच वर्षी, एकाच राज्यातून गेलेली दोन प्रकरणं. फेसबुकवरच्या मुली सुटल्या, कवी अडकला.

शिवाय रद्द झालेलं कलम मेलंच नाही. २०२१ मध्ये पीयूसीएल या संघटनेने सर्वोच्च न्यायालयाला दाखवून दिलं, की पोलीस अजून ६६अ लावत आहेत. निकालानंतरच्या अशा गुन्ह्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात पुढे होता, आकडा ३८१. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की बाबांनो, हे कलम नाही आता.

त्याच वर्षी मे महिन्यात अभिनेत्री केतकी चितळे हिला ठाणे पोलिसांनी अटक केली. शरद पवारांबद्दलच्या, दुसऱ्याच्या नावाने फिरणाऱ्या ओळी तिने शेअर केल्या होत्या. ओळी हीन होत्या, यात मला शंका नाही. पवारांचा पक्ष सत्तेत होता, गृहखातं त्याच पक्षाकडे होतं. पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई फेकली गेली आणि चाळीसच्या आसपास दिवस ती आत राहिली. २०१२ ला पालघरसाठी तळमळलेल्या आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तेव्हा काय आलं? हसण्याचे इमोजी. ‘आता कळेल’, ‘सिरियलमध्ये बरी होती’. मी? मी एक हसण्याचा इमोजी टाकला. काढलाही नाही.

म्हणून २०२५ च्या जुलैबद्दल लिहिताना मला जपून लिहावं लागतं. मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराच्या थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ फिरला. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. त्याला उत्तर म्हणून मनसे आणि इतर मराठी संघटनांनी ८ जुलैला मोर्चा जाहीर केला, त्याला पोलिसांनी परवानगी नाकारली. पहाटे अविनाश जाधव यांना घरातून ताब्यात घेतलं, दिवसभर कार्यकर्त्यांची धरपकड सुरू होती. मुख्यमंत्री म्हणाले, प्रश्न मार्गाचा होता. दुपारनंतर मोर्चा निघालाच.

थप्पड मला लाज आणणारी वाटते. मराठीच्या बाजूने असूनही वाटते. पण पहाटे दार ठोठावून माणूस उचलणं मी २०१२ पासून ओळखतो. या वेळी आत गेलेले लोक, तेव्हा ‘बरं झालं’ म्हणणाऱ्यांपैकी होते, एवढाच फरक.

बाबा आता बहात्तरचे आहेत. गुडघे गेलेत, मोर्चाला जाणं शक्य नव्हतं. सकाळी मला हाक मारून म्हणाले, “सोसायटीच्या ग्रुपवर टाक. मी सांगतो, तू टाइप कर.” आमच्या सोसायटीत मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, सगळे. मी म्हटलं, “बाबा, कशाला?” तर म्हणाले, “मारणं चूक, असं लिही. आणि मोर्चा अडवणं पण चूक, असंही लिही. शांतपणे चाललेल्या माणसाला का अडवायचं?”

मी टाइप करता करता विचारलं, “आणि नुसतं लिहिणाऱ्याला?”

त्यांना कळलं मी कशाबद्दल बोलतोय. बराच वेळ बाल्कनीकडे बघत बसले. मग म्हणाले, “त्या पोरींचं पुढे काय झालं रे?”

सुटल्या, म्हटलं. केसही संपली. “बरं झालं,” बाबा म्हणाले.

मेसेज गेला. दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या मिठाईवाल्या काकांनी त्यावर अंगठा टाकला, दुसऱ्या विंगमधल्या एकाने रागाचा चेहरा टाकला, तिसऱ्याने हिंदीत लांबलचक काहीतरी लिहायला घेतलं. ‘टायपिंग…’ दिसत होतं. तेवढ्यात सेक्रेटरींनी ग्रुपची सेटिंग बदलली: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. तो माणूस काय लिहीत होता, ते कळलं नाही. बाबा पुढचे तीन-चार दिवस मला विचारत राहिले, उत्तर आलं का म्हणून.

ग्रुप अजून तसाच आहे. पाण्याचा टँकर किती वाजता येणार, तेवढं येतं.